मदत हवी आहे: चालताना पोटरीत येणारा गोळा रक्तवाहिनीचा की मणक्याचा?

माझ्या वडिलांना (वय ६८, जुना मधुमेह, विडी गेल्या वर्षी सुटली) साधारण २०० मीटर चालल्यावर उजव्या पोटरीत गोळा येतो आणि नुसते उभे राहिले तरी दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. बसावे किंवा पुढे वाकावे लागत नाही, म्हणून हे मणक्याचे दुखणे असावे असे मला पटत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या, मालिश, कमरेचा पट्टा, सगळे करून झाले. पायाचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी काढलेले घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.१, म्हणजे सामान्य आले. परंतु मधुमेहात धमन्या कडक झाल्या असल्यास हा आकडा खोटा वाढून फसवा ठरू शकतो. पायावर जखम नाही, रात्री वेदनाही नाहीत. अशा स्थितीत पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्यावा, चालवून पुन्हा गुणोत्तर काढावे, की थेट डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी) तपासणी करावी?