मदत हवी आहे: चौथ्या-पाचव्या मजल्यावर पोलचं पाणी तुटतं, नळ उघडा असूनही कंट्रोलर 'डेड एंड' दाखवतो

काचपाणी_पुणे

नमस्कार मंडळी. ऑफिस इमारतींच्या काचा शुद्ध पाण्याच्या पोलने (लांब दांडा, आतून पाण्याची नळी, टोकाला ब्रश) धुण्याचं काम आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत काही तक्रार नाही. ब्रश त्याच्या वर गेला की पाणी झटक्या-झटक्याने येतं, पंपाचा कंट्रोलर डेड एंड (म्हणजे पुढे पाणी अडलं) दाखवून पंप थांबवतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू करतो. पोलचा नळ पूर्ण उघडा असतो.

सामान असं: छोट्या टेम्पोत ५०० लिटरची टाकी. १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, ५ लिटर/मिनिट, त्यावर १०० पीएसआयचा (दाबाचं माप) प्रेशर स्विच, तेवढा दाब झाला की पंप तोडणारा. रीलवर १०० मीटर होज, आतला व्यास ६ मिमी. पोल १८ मीटरचा, आतली नळी ५ मिमी. ब्रशला २ मिमीचे दोन पेन्सिल जेट. पाणी आरओ आणि डीआय (क्षार काढणारे फिल्टर) करून गोदामातच भरतो, टीडीएस (विरघळलेले क्षार) ०००.

कंट्रोलरच्या कॅलिब्रेशनचा आकडा (किती भार आला की डेड एंड मानायचं तो) वाढवून पाहिला. डेड एंड येणं थांबलं, पण आता नळ बंद केला तरी पंप टक-टक करत राहतो, आणि काल रीलचा कनेक्टर उडाला. शिवाय दुपारनंतर पंप मंदावतो. पंप बदलू का?

शंभर_मीटर

दोन पंप एकामागे एक जोडा, नाहीतर १५० पीएसआयचा घ्या. उंचीला प्रेशर लागणारच.

वॉल्व्ह_आणि_वायसर

घाई नको. आधी कॅलिब्रेशन होतं त्या जुन्या आकड्यावर आणा. कंट्रोलरला प्रेशर कळत नाही, त्याला कळतो तो पंप ओढत असलेला करंट. नळ बंद झाला की पंपावर भार येतो, करंट चढतो, त्यावरून तो ओळखतो की पाणी अडलं. तुमच्याकडे नळ उघडा असतानाच भार एवढा आहे की उघडा आणि बंद यात त्याला फरकच दिसत नाही. आकडा वाढवलात म्हणजे त्याचे डोळे बांधलेत. म्हणून आता खरोखर नळ बंद केल्यावरही पंप थांबत नाही, शेवटी पंपावरचा प्रेशर स्विच तोडतो-जोडतो. तीच ती टक-टक. कनेक्टरही त्यामुळेच उडाला.

भार कुठून येतो ते मांडून पाहू. २ लिटर/मिनिट धरून:

६ मिमी होज, १०० मीटर: सुमारे ५६ पीएसआय
१५ मीटर उंची: २१ (दर मीटरला १.४)
पोलमधली १८ मीटर नळी, ५ मिमी: सुमारे २४
जेट: २-३

झाले १०० च्या वर. म्हणजे पाचव्या मजल्यावर तुमचा पंप त्याच्या स्विचच्या हद्दीवर उभा आहे. पंप बिघडलेला नाही.

आता होज ८ मिमीची केली तर तेच ५६ घसरून १४ वर येतात. बाकी सगळं तसंच ठेवून बेरीज साधारण ६० होते. रीलवर होज गुंडाळलेली राहिली किंवा पूर्ण ओढली, घर्षण जवळजवळ तेवढंच. लांबी कमी लागत असेल तर ६० मीटरच ठेवा, तोही फायदा.

काचपाणी_पुणे

म्हणजे होजच. पण उद्या सकाळी काम आहे, ८ मिमी मिळायला तीन-चार दिवस लागतील. तोवर?

वॉल्व्ह_आणि_वायसर

तोवर कंट्रोलरवर पंपाचा स्पीड *कमी* करा. पाणी कमी आलं की हात आपोआप नॉबकडे जातो आणि माणूस वाढवतो. इथे तेच उलटं पडतं. प्रवाह वाढला की घर्षण त्याच प्रमाणात नाही, जवळजवळ वर्गाच्या हिशोबाने वाढतं. २ वरून १.५ लिटरवर आलात तर होजचे ५६ चे ३४ होतात, पोलचे २४ चे साधारण १५. उंचीचे २१ आहेत तेवढेच. एकूण ७० च्या आसपास, पंप निवांत चालेल. १.५ लिटरमध्ये काच धुऊन होते, फक्त शेवटचा फेरा सावकाश मारा आणि वरच्या चौकटीखालून पाणी पूर्ण निथळू द्या.

स्पीड ठरवायला कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नका. ब्रश बादलीत सोडा, मोबाइलवर ३० सेकंद लावा. पाऊण लिटर जमलं तर १.५ चा प्रवाह. पोल उभा केल्यावर त्याच आकड्याला तो थोडा कमीच भरतो, तेवढं धरून चला.

शंभर_मीटर

पण जास्त प्रेशरच्या पंपाने हेच सुटलं असतं ना?

वॉल्व्ह_आणि_वायसर

सुटलं असतं, पण मग ते प्रेशर रीलचा स्विव्हल (फिरता सांधा), बागकामाचे प्लास्टिक कनेक्टर आणि उन्हात मऊ पडलेली पीव्हीसी होज यांना सोसावं लागलं असतं. मे महिन्यात डांबरावर पडलेल्या होजला हात लावून बघा. यांचा एक कनेक्टर १०० वरच उडालाय.

टेम्पोतली_टाकी

पाण्याच्या प्रवाहाचं वर आलंच आहे. दुपारनंतर पंप मंदावतो त्याचं कारण वेगळं वाटतं. बॅटरी कुठली, पंपापर्यंतची वायर किती जाड?

काचपाणी_पुणे

६५ एएचची (अँपिअर-तास) गाडीचीच बॅटरी, पंपासाठी वेगळी ठेवलेली. वायर १.५ स्क्वेअर (चौरस मिमी), अंदाजे ५ मीटर. रोज सहा तास पंप चालतो.

टेम्पोतली_टाकी

वायर आणि बॅटरी, दोन्हीकडे तोटा आहे. ५ मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १.५ स्क्वेअरला ८ अँपिअरवर ०.९ व्होल्ट वाटेतच जातो. ४ स्क्वेअर टाका, तोटा ०.३५ वर येईल. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत हवा, पंपाजवळ नको. शॉर्ट झालं तर मधली वायर पेटू नये म्हणून.

बॅटरीचं म्हणाल तर सरासरी ६ अँपिअर धरले तरी सहा तासांत ३६ एएच. गाडीची बॅटरी इंजिनला एक झटका देण्यासाठी असते. रोज निम्म्याच्या खाली उतरवली की प्लेट झडतात आणि काही महिन्यांत क्षमता संपते. १०० एएचच्या वरची ट्युब्युलर घ्या, इन्व्हर्टरला लावतात तीच. टेम्पोत मात्र उभी घट्ट बांधा आणि हवा खेळती ठेवा. रात्री चार्जरवर, १४.४ व्होल्टपर्यंत. सकाळी चार्जर काढून तासाभराने १२.६-१२.७ दिसलं पाहिजे.

तपासायचं असेल तर मल्टीमीटर बॅटरीवर लावून भागणार नाही. कंट्रोलरच्या इनपुटला लावा, पंप चालू असताना. बॅटरीवर १२.३ आणि कंट्रोलरवर ११.३ दिसलं तर दोष वायरीत किंवा हिरव्या पडलेल्या टर्मिनलमध्ये. कंट्रोलर आणि पंपाच्या मधे साधा मीटर लावू नका, तिथे तुकड्या-तुकड्याने करंट जातो, आकडा फसवतो.

ओल्या_बाह्या

होज बदलण्याआधी हेही बघून घ्या, कारण झटक्यांचं कारण कधीकधी पंपाच्या मागे असतं. टाकीपासून पंपापर्यंत पारदर्शक ब्रेडेड नळी आहे का, १२ मिमी किंवा जास्त? त्यात बुडबुडे धावताना दिसले तर पंप हवा धरतोय. तिथे पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, त्यामुळे कोरडं दिसतं म्हणून फसायला होतं. गाळणीच्या झाकणाची ओ-रिंग आणि क्लॅम्प हे नेहमीचे गुन्हेगार. गाळणी धुवा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलं असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि अर्धी टाकी झाली की पाणी कमी होतं.

एक जेट दुसऱ्यापेक्षा कमजोर असेल तर आत काहीतरी अडकलेलं असू शकतं. जेट काढून साफ करा. जेटचं भोक मोठं करण्याच्या भानगडीत पडू नका, तिथे वाचवायला २-३ पीएसआयच आहेत.

काचपाणी_पुणे

गाळणीच्या झाकणात ओ-रिंगच नव्हती, नुसतं टेफलॉन गुंडाळलं होतं. बसवली, बुडबुडे थांबले. स्पीड उतरवून १.५ वर आणला, कॅलिब्रेशन जुनं. चौथ्या मजल्यावर एकदाही डेड एंड नाही, पाचव्यावर सकाळभरात दोनदा आला. ४ स्क्वेअर वायर आणि ८ मिमी होज मागवली. ती आल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करायचं का?

वॉल्व्ह_आणि_वायसर

हो. पण गोदामात रील गुंडाळून, पोल आडवा ठेवून नको. साइटवर, पोल पूर्ण उभा, जेट लावलेले, बॅटरी भरलेली. स्पीड कामाचाच ठेवा. मग पोलचा नळ बंद करा: दोन-तीन सेकंदांत पंप थांबला पाहिजे. नळ उघडल्यावर स्वतःहून चालू झाला पाहिजे. थांबायला उशीर झाला तर आकडा थोडा खाली, उघड्या नळावरच थांबला तर थोडा वर. एका वेळी दोन-तीन अंकच.

आणि ८ मिमी होजसोबत कनेक्टरही मोठ्या भोकाचे घ्या. होज ८ मिमीची आणि मधे ५ मिमीचा बार्ब (होजमध्ये घुसणारं कनेक्टरचं टोक) असं बऱ्याचदा विकतात.