पाच वेळा शोरूमला नेला, तरी पीटीओ सुटतोच. नवा ट्रॅक्टर बदलून मिळतो का?

द्राक्षवाला_सावळज

नमस्कार मंडळी. जरा लांबलं आहे, पण शेवटपर्यंत वाचा. मला खरंच सल्ला हवा आहे.

माझी सव्वादोन एकर द्राक्षबाग आहे, सुपर सोनाका जातीची. 2024 च्या दसऱ्याला 28 एचपीचा छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला, 6 लाख 20 हजारांना. 1 लाख 70 हजार रोख भरले, बाकी बँकेचं कर्ज, सहामाही हप्ता. घेतला तो ब्लोअरसाठीच, म्हणजे पंख्यानं औषध फवारणाऱ्या यंत्रासाठी. आधी फवारणीला भाड्याचा ट्रॅक्टर बोलवायचो आणि पाऊस उघडला की गावातल्या सगळ्यांना एकाच सकाळी तोच ट्रॅक्टर हवा असायचा. म्हटलं, एकदा कर्ज काढू पण ही वाट बघणं संपवू.

त्रास असा आहे. ब्लोअर लावून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत शिरलं की पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या यंत्राला देणारी जोडणी, आपोआप सुटतो. खट्ट आवाज होतो, पीटीओ गुंतवायचा दांडा न्यूट्रलला येतो, पंख्याचा घोंगाट बसत जातो आणि नोझलमधून धुकं यायचं ते नुसते थेंब गळायला लागतात. परत गुंतवायचा, पंधरावीस वेली पुढं गेलं की परत खट्ट. आता मी डाव्या गुडघ्यानं दांडा दाबून धरून चालवतो. पँटीची ती जागा घासून पांढरी झालीय.

पहिल्यांदा शोरूमला नेला तो 26 नोव्हेंबर 2024 ला, मीटरवर 38 तास होते. त्यानंतर आणखी चार वेळा. एकदा दांडा ॲडजस्ट केला, एकदा ग्रीस-ऑइल करून दिलं, जूनमध्ये स्प्रिंग बदलली आणि पार्ट यायचाय म्हणून 19 दिवस ठेवून घेतला. सगळे मिळून 37 दिवस ट्रॅक्टर त्यांच्याकडं उभा होता. दर वेळी टेम्पोचं भाडं माझं. आज मीटरवर 412 तास आहेत, वॉरंटी 2 वर्षं किंवा 2000 तासांची आहे.

या ऑक्टोबरात कहर झाला. बाग फुलोऱ्याच्या तोंडावर होती, रात्रभर पाऊस. सकाळी डाऊनी या बुरशीच्या रोगाचं औषध टाकीत कालवून निघालो आणि चौथ्या ओळीत पीटीओ जो सुटला तो परत धरेचना. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मोकळा होईपर्यंत दुपारचे चार वाजले. राहिलेल्या सव्वा एकरात घडांवर डाऊनी आली. घड हातात घेतला की पांढरी बुरशी बोटाला लागत होती. वर्षभर पोरासारखी सांभाळलेली बाग अशी बघवत नाही हो.

सर्व्हिस मॅनेजर म्हणतो, "तुमचा ब्लोअर जड आहे, मशीनमध्ये दोष नाही." पण विकताना यांच्याच माणसानं 600 लिटरचा ब्लोअर लावून डेमो दिला होता आणि कोटेशनवर तसं लिहूनही दिलंय.

भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणाला, मामा, इथं लेमन लॉ आहे, चार वेळा दुरुस्त करून जमलं नाही तर कंपनी गाडी बदलून देते नाहीतर पैसे परत. आपल्याकडं असं काही आहे का? केस करायची तर सांगलीत की कंपनी आहे त्या गावात? आणि गावातला मिस्त्री चार हजारांत खोलून बघतो म्हणतोय, खोलू का?

---

पलूसकर_88

दादा, कायद्याचं जाणकार सांगतील. माझ्या कारच्या वेळी मी एक चूक केली ती सांगतो. सगळ्या तक्रारी तोंडी केल्या. काउंटरवरचा पोरगा हसून "करून देतो की" म्हणायचा आणि जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, "जनरल चेकअप" टाकायचा. पुढं भांडायला गेलो तर कागदावर माझी एकही तक्रार नव्हती, होत्या त्या तीन सर्व्हिसिंग. आधी तुमची पाचही जॉब कार्डं काढून बघा, त्यात पीटीओचा शब्द कितींदा आलाय.

---

द्राक्षवाला_सावळज

आत्ताच काढून बघितली. पाचांपैकी फक्त एकावर "पीटीओ स्लिप" लिहिलंय, जूनच्या. बाकीच्यांवर "ऑइल टॉप-अप", "ट्रायल ओके". आणि खाली "काम समाधानकारक" या ओळीवर पाचही ठिकाणी माझी सही. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत असायचा, मी न वाचता केली.

---

वर्कशॉपवाले_काका (कराड)

भाऊ, मी 31 वर्षं वर्कशॉपात काढली. ट्रॅक्टर अजिबात खोलू नका. मिस्त्रीनं एकदा नट फिरवला की कंपनी म्हणणार, बाहेरच्यानं हात लावल्यामुळं बिघडलं.

आता मशीनचं. लोडवर पीटीओ सुटतो याची कारणं थोडकीच असतात. गुंतणाऱ्या दातांच्या कडा गोल झाल्या असतील, ते दात सरकवणारा फोर्क वाकडा असेल किंवा झिजला असेल, नाहीतर दांडा जागेवर धरणारा बॉल आणि स्प्रिंग कमजोर असेल. स्प्रिंग बदलून झाली तरी सुटतोय म्हणजे माझा संशय दातांवर नाहीतर फोर्कवर. 38 तासांत दात झिजत नाहीत. तेव्हा ते मुळातच नीट बसलेले नसावेत. हा माझा अंदाज, न बघता सांगतोय.

पण कंपनी ब्लोअरकडं बोट दाखवणार, ते बोट आधी मोडून काढा. तुमचा ब्लोअर शेजाऱ्याच्या तेवढ्याच ताकदीच्या ट्रॅक्टरला लावा आणि भरल्या टाकीनं चालवा. मग तुमच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कुणाचा तरी लहान ब्लोअर लावा. दोष ट्रॅक्टरबरोबर फिरतो की ब्लोअरबरोबर, तेवढंच बघायचं. जोडणारा शाफ्ट फार तिरका लागत नाही ना आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, मोकळे फिरतात ना हेही बघून घ्या, कारण त्या धक्क्यानंसुद्धा पीटीओ सुटू शकतो. इंजिन पीटीओ 540 फेरे देईल अशा ठरलेल्या आरपीएमवर ठेवा, उगाच जास्त पळवू नका. सगळं मोबाइलवर घ्या, सुरुवातीला तासांचं मीटर दिसलं पाहिजे.

आणि एक विनवणी आहे. गुडघ्यानं दांडा दाबून चालवणं आजपासून बंद करा. मागं फिरता शाफ्ट असतो. त्यात कपडा अडकलेला माणूस मी बघितलाय.

---

ॲड_ताई_मिरज

दादा, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. सविस्तर लिहिते.

भाचा सांगतो ते खरं आहे. कॅलिफोर्नियाचा मूळ कायदा, सॉन्ग-बेव्हर्ली, 1970 चा आणि लेमन लॉ म्हणून ओळखला जाणारा भाग त्यात 1982 मध्ये आला. गाडी मिळाल्यापासून 18 महिने किंवा 18,000 मैल, यात जे आधी होईल तेवढ्या काळात त्याच दोषासाठी चार किंवा जास्त वेळा दुरुस्ती झाली, किंवा गाडी एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त वर्कशॉपमध्ये राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी देऊन झाली असं कायदाच धरून चालतो. जिवावर बेतणारा दोष असेल तर दोनच वेळा. म्हणजे तिथं ग्राहकाचं अर्धं ओझं कायद्यानं उचललेलं आहे.

आपल्याकडं असा वेगळा कायदा नाही. व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे, कारण पाच फेऱ्या मारलेल्या माणसाला दोष पुन्हा सिद्ध करून दाखव म्हणणं अन्यायाचं आहे. पण म्हणून हात रिकामे नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे, तो जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, किंमत व्याजासह परत देणं आणि नुकसानभरपाई, यातलं काहीही ग्राहक आयोग देऊ शकतो. सदोष उत्पादनामुळं झालेल्या नुकसानीसाठी उत्पादकाला जबाबदार धरणारं वेगळं प्रकरणही या कायद्यात आहे.

केस सांगलीतच करा. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ही 2019 च्या कायद्यानं दिलेली मोठी सोय आहे. वस्तूसाठी 50 लाखांपर्यंत किंमत मोजलेली प्रकरणं जिल्हा आयोगाकडं येतात. तुमच्या किमतीला फी फक्त 200 रुपये आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं, ऑनलाइनही दाखल होते. डीलर आणि कंपनी दोघांनाही पार्टी करा. एकाला सोडलं की दुसरा त्याच्याकडं बोट दाखवून सुटायला बघतो. मुदत दोन वर्षांची असते. ती तुमच्या पहिल्या फेरीपासून मोजून चाला, म्हणजे नोव्हेंबर 2026 च्या आधी.

आता कटू भाग. सगळा ट्रॅक्टर बदलून मिळेलच, ही आशा धरून बसू नका. 2006 साली कारच्या क्लचच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वॉरंटी दोष असलेला भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर अख्खी गाडी बदला असा आदेश देता येत नाही. पण 2022 मध्ये अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात त्याच कोर्टानं गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. म्हणून तक्रारीत मागणी पायऱ्यांनी लिहा: ट्रॅक्टर बदलून द्या, नाहीतर किंमत परत द्या, तेही नसेल तर पूर्ण पीटीओ असेंब्ली नवी बसवून वाढीव वॉरंटी द्या. भरपाई वेगळी मागा.

उत्पादनातला दोष म्हटलं की तज्ज्ञाचा अहवाल लागतो, बहुतेक प्रकरणं तिथंच ढासळतात. आयोगाला वस्तू प्रयोगशाळेकडं तपासायला पाठवता येते, तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते. विश्रामबागच्या वालचंद कॉलेजसारख्या ठिकाणच्या मेकॅनिकलच्या प्राध्यापकाची तज्ज्ञ म्हणून नेमणूक करा, असंही सुचवता येतं. काकांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, तपासणी होईपर्यंत बाहेर खोलू नका.

कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने सांगितलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, मनाची तयारी ठेवा. बँकेचा हप्ता मात्र थांबवू नका. तो करार वेगळा आहे, थकबाकी झाली तर बँक ट्रॅक्टर ओढून नेईल आणि पुरावाच जाईल.

आधी नोटीस द्या, 15 दिवसांची. त्याच्याही आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथं काही वेळा कंपनीच पुढं होऊन तोडगा काढते, आणि नाही काढला तरी तक्रार क्रमांक कागदाला लागतो.

---

पलूसकर_88

ताई, डीलर म्हणेल ट्रॅक्टर धंद्यासाठी घेतला, हा ग्राहकच नाही. माझ्या मेहुण्याला पिकअपच्या वेळी असंच सांगितलं होतं.

---

ॲड_ताई_मिरज

म्हणतील खरं. पण स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही, हे कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. बियाण्याच्या प्रकरणात 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं शेतकऱ्याला ग्राहक मानलंच आहे. दादा, तुम्ही ट्रॅक्टर भाड्यानं देता का? खरं काय ते सांगा.

---

द्राक्षवाला_सावळज

चार दिवसांनी लिहितोय, माफ करा. बागेत होतो.

ताई, भाड्यानं देत नाही. गेल्या हंगामात चुलतभावाच्या दोन टाक्या मारून दिल्या, त्यानं डिझेलचे पैसे दिले. एवढंच.

काकांनी सांगितलेलं करून बघितलं. माझा ब्लोअर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला लावून दोन टाक्या मारल्या, एकदासुद्धा सुटला नाही. मग त्याचा 400 लिटरचा लहान ब्लोअर माझ्या ट्रॅक्टरला लावला. अकराव्या मिनिटाला खट्ट. पोरानं व्हिडिओ घेतलाय, मीटरवर 414 तास दिसतायत. शाफ्ट सरळ आहे, क्रॉस मोकळे फिरतात. गुडघा लावायचा सोडला, काका.

काल सहाव्यांदा सांगलीला नेला. काउंटरवर "पीटीओ नॉइज" टाइप केलं होतं. मी म्हटलं, आवाजाची तक्रार नाही माझी, माझं वाक्य लिहा. तो म्हणाला सिस्टिममध्ये जागा नाही. मी बाकड्यावर बसून राहिलो. पाऊण तासानं मॅनेजर आला आणि कार्ड नवीन काढलं: "ब्लोअरच्या लोडवर पीटीओ आपोआप सुटतो, सहावी वेळ." आज त्यांनी ट्रॅक्टर परत दिला, पुन्हा "ट्रायल ओके" म्हणून. समाधानकारकच्या ओळीवर मी "दोष कायम आहे" असं लिहिलं आणि त्याखाली सही केली.

---

ॲड_ताई_मिरज

शाब्बास दादा. हे एक कार्ड आधीच्या पाचांपेक्षा मोलाचं आहे. चुलतभावाच्या टाक्या लपवू नका, विचारलं तर सरळ सांगा. आयोग बघतो ते मुख्य हेतू काय होता ते.

नुकसानीचा कागद राहिलाय. डाऊनी आलेल्या भागाचा पंचनामा कृषी सहायकाकडून मागून बघा, आणि भाड्यानं मारलेल्या टाक्यांचा हिशेब तारखेसह काढा. कोटेशन, डेमोचे फोटो, टेम्पोच्या पावत्या, सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा.

---

द्राक्षवाला_सावळज

भाड्याच्या टाक्या माझ्या फवारणीच्या वहीत आहेत, औषध, प्रमाण, तारीख, कुणाचा ट्रॅक्टर, सगळं. टाकीला 500 प्रमाणं 14 टाक्या निघाल्या. कृषी सहायक परवा येतो म्हणालेत.

1915 ला तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. नोटीस पुतण्यानं टाइप करून दिली. आज तासगावच्या पोस्टातून दोन्ही पाकिटं गेली, एक डीलरला, एक कंपनीला, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह. दोन्ही पावत्या त्याच वहीत शेवटच्या पानावर चिकटवल्यात. पोचल्याचं कळलं की त्या तारखेपासून 15 दिवस मोजतो आणि इथं कळवतो.