मदत हवी आहे: प्राणिगृहातली तोडफोड आणि १०,००० डॉलरची अट

पिंजरेवाला
घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. रात्री आमच्या प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात कोणीतरी शिरलं. पिंजरे उघडले, उंदीर एकमेकांत मिसळले, एक कॉम्प्युटर फोडला. मोडतोडीच्या पावत्या ३,८०० डॉलरच्या. ऑफिसात म्हणतात, नुकसान १०,००० च्या खाली असेल तर अ‍ॅनिमल एंटरप्राइझ टेररिझम अ‍ॅक्ट हा प्राणी वापरणाऱ्या संस्थांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा लागूच होत नाही. शुक्रवारी नुकसानीचा तक्ता द्यायचाय. त्यात काय काय धरायचं? 'वकील गाठा' नको, तक्ता वकिलांनीच मागितलाय.

कलम_४३
राज्य कोणतं? विद्यापीठ की खासगी? प्रयोग किती आठवड्यांचा, कितव्या आठवड्यात मोडला? किती पिंजरे? उंदरांच्या कानाला टॅग होते? हे न सांगता आकडा मागितलात तर उत्तर अंदाजपंचेच मिळणार.

ऑफिसची माहिती मात्र जुनी आहे. १०,००० ची अट १९९२ च्या मूळ कायद्यात होती. आजच्या, २००६ च्या कायद्यात आकड्यावरून फक्त शिक्षेची पायरी ठरते: १०,००० डॉलरपर्यंत जास्तीत जास्त १ वर्ष कैद, १ लाखापर्यंत ५, त्यापुढे १०, आणि १० लाखांच्या वर २०. कोणाला गंभीर इजा झाली किंवा मरणाची वाजवी भीती घातली गेली तर पायरी आकड्याविनाही चढते.

रानमांजर
उंदीर अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या देखभालीच्या केंद्रीय कायद्यात, येतच नाहीत. मग हा कायदा कसा लागेल?

कलम_४३
दोन कायद्यांची खिचडी करू नका. प्रयोगासाठी पैदास केलेले उंदीर २००२ पासून वेल्फेअर अ‍ॅक्टच्या व्याख्येबाहेर आहेत, बरोबर. पण कलम ४३ ची, म्हणजे तुम्ही विचारताय त्या टेररिझमवाल्या कायद्याची, व्याख्या स्वतंत्र आहे. तिच्यात संशोधन, शिक्षण, शेती, प्राणिसंग्रहालय, सर्कस, रोडिओ, इतकंच काय प्राण्यांचा निवारासुद्धा येतो.

पिंजरेवाला
इलिनॉय, विद्यापीठ. ६० पिंजरे. २४ आठवड्यांचा प्रयोग, १६ आठवडे झाले होते. टॅग आहेत. एका पिंजऱ्याच्या देखभालीचा दर दिवसाला १ डॉलर १० सेंट.

हिशेबनीस
मग सोपं आहे. बिघडलेला प्रयोग पुन्हा करण्याचा खर्च कायद्यात स्पष्ट धरलाय. ६० पिंजरे × १६८ दिवस × १.१० = ११,०८८. झालं काम.

वजावट
झालं कसं? उरलेले ८ आठवडे तसेही करायचेच होते, तो खर्च चोरट्याच्या माथी मारता येणार नाही. वाया गेले ते १६ आठवडे, म्हणजे ११२ दिवस. ६० × ११२ × १.१० = ७,३९२. पावत्या धरून ११,१९२. बचावपक्षाला पहिल्याच पानावर चूक सापडली की पुढच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

हिशेबनीस
आणि टॅग असतील तर उंदीर ओळखून परत लावता येतील. मग प्रयोग बाद कुठे झाला?

वजावट
ओळख पटते, पण प्रयोग वाचत नाही. अनोळखी नर एकत्र आले की चावाचावी, मादी असली तर गर्भ, खाद्यातून औषध असेल तर दुसऱ्या गटाच्या पोटात गेलेलं. पशुवैद्याकडून हे लेखी घ्या, टॅगक्रमांकासह. 'सगळे बाद' एवढ्या एका ओळीवर कोणी पैसे मोजत नाही.

पिंजरेवाला
एक राहिलं. ६० पैकी २२ पिंजरे पैदाशीचे, प्रयोगाचे ३८.

वजावट
हे आधी सांगायचं ना! ३८ × ११२ × १.१० = ४,६८१.६०. पावत्या धरून ८,४८१.६०. यात नवे उंदीर विकत घेण्याचा खर्च, औषध, आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाचे तास घाला. कायम कर्मचाऱ्यांचा पूर्ण पगार नव्हे, फक्त ते तास. पैदाशीच्या २२ चा वेगळा भाग करा: शेपटीच्या तुकड्यावरून जनुकतपासणी, संशयास्पद पिल्लं काढून टाकणं, वंशावळ पुन्हा बांधणं.

फार्महाऊस
मुख्य मुद्दा कोणी बोलतच नाहीये. आत शिरून चित्रण करणाऱ्यांविरुद्धचे राज्यांचे कायदे वापरा. जरब त्यांचीच बसते.

रानमांजर
जरब? आयडाहोच्या २०१४ च्या कायद्यातली चित्रणबंदी नवव्या सर्किटने (केंद्रीय अपील कोर्टाने) २०१८ मध्ये उडवली. नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यालाही चौथ्या सर्किटने २०२३ मध्ये कात्री लावली. आणि धागाकर्त्यांनी चित्रणाचं विचारलंय कुठे?

पिंजरेवाला
विचारलं नव्हतं, पण व्हिडिओ आलाय. तो बघून एका देणगीदाराने हात आखडता घेतला. ती रक्कम धरू?

कलम_४३
नको. उघड झालेल्या माहितीवर लोकांनी कायदेशीर मार्गाने जी प्रतिक्रिया दिली तिच्यातून होणारा तोटा, बहिष्कारासकट, व्याख्येतून वगळलाय. शांततामय निदर्शनंही कायद्याच्या बाहेर आहेत. नव्या कॅमेऱ्यांचा खर्च 'वाढीव खर्च' म्हणून मांडता येतो, पण वेगळ्या रकान्यात, म्हणजे कोर्टाने नाकारला तरी बाकीची बेरीज उभी राहील.

सागरपार
ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्याच्या कलम १४५ मध्ये प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेच्या पुरवठादारांवर बेकायदा दबाव आणणंही गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत.

रानमांजर
अवांतर. उंदीर इलिनॉयचे आहेत.

कलम_४३
आकड्यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. आरोपीने राज्याची हद्द ओलांडली किंवा टपाल, फोन, इंटरनेट यांसारखं आंतरराज्य साधन वापरलं, हे सिद्ध व्हावं लागतं. शिवाय संस्थेच्या कामात बाधा आणायचा हेतूही. हे जुळलं नाही तर इलिनॉयच्या फौजदारी कायद्यातलं प्राणी-संशोधन व उत्पादन केंद्रांच्या संरक्षणाचं कलम आणि साधी घरफोडी आहेतच. केंद्रीय खटला भरायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतात, विद्यापीठ नव्हे. कायद्याच्या वैधतेवर कोणी वाद घातला तर मिंक (फरसाठी पाळला जाणारा प्राणी) फार्मच्या प्रकरणात सातव्या सर्किटने २०१७ मध्ये तो उचलून धरलाय, आणि तुम्ही त्याच सर्किटमध्ये आहात.

पिंजरेवाला
धमकीचा ईमेल होता. वाचून डिलीट केला.

कलम_४३
आजच आयटीला सांगून सर्व्हरवरून हेडरसकट (कुठून आला त्याच्या नोंदीसकट) परत मिळवा. नुसता स्क्रीनशॉट पुरणार नाही. फोडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क चालू करून बघू नका, आधी तिची जशीच्या तशी डिजिटल प्रत घ्या. पिंजरे धुण्याआधी फोटो काढलेत का?

पिंजरेवाला
३१ धुवून झालेत.

वजावट
उरलेले २९ धुवायला देऊ नका. धुतलेल्यांसाठी धुलाईच्या नोंदवहीची प्रत जोडा. आणि एनआयएचचा (केंद्रीय आरोग्य-संशोधन संस्थेचा) पैसा असेल तर प्राण्यांना झालेली इजा ओलॉला, म्हणजे तिच्या प्रयोगप्राणी-कल्याण कार्यालयाला, कळवावी लागते, ते तक्त्याच्या नादात राहायला नको.