देव माफ करतो, पण धुरा कोरला माझा: ख्रिस्ती क्षमा मला पटत नाही

दारव्ह्याचा शेतकरी
शेजारच्या वावरवाल्याने दरसाल थोडा थोडा धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, कोरून माझी पाच तासं (पिकाच्या पाच ओळींची जमीन) आपल्यात घेतली. धुऱ्यावरची बोरही तोडली. आता तो दर रविवारी प्रार्थनेला जातो. त्याची दारू सुटली, घरातली मारझोड थांबली, हे मी डोळ्यांनी पाहतो आणि मला त्याचं बरंच वाटतं. पण परवा धुऱ्याचा विषय काढला तर म्हणाला, "भाऊ, येशूने माझी सारी पापं वधस्तंभावर घेतली. मी आता मोकळा."

नुकसान माझं आणि माफी तिसऱ्याकडून? मला न विचारता देव त्याला सोडत असेल तर तो न्याय नव्हे. शिवाय निरपराध माणसाचा जीव गेला म्हणून दोषी सुटतो, हेही माझ्या मनाला रुचत नाही.

अचलपूरची लेक
दादा, आमच्या घरी तीन पिढ्या ख्रिस्ती आहेत, म्हणून बोलते. तुमचा शेजारी अर्धंच शिकला. बायबलात मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लूक 19 मधला जक्कय जकातदार होता. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. परतफेड करून त्याने कृपा विकत घेतली नाही; कृपा आधी दारात आली. पण ती आल्यावर दुसऱ्याचा पैसा त्याला घरात ठेववेना.

आणि देवाने तिसऱ्याच कोणाला बळी दिलं, असं आम्ही मानत नाही. येशू देवच आहे. ज्याचा अपराध झाला त्यानेच तोटा सोसला. माफ करणाऱ्याला तो सोसावाच लागतो. तुम्ही उद्या ती पाच तासं सोडलीत तर त्यातला कापूस तुमच्याच घरातून जाईल ना?

वऱ्हाडी माणूस
बाई, हे समजलं. पन रगत कायले लागते? आमच्या गाडगेबाबानं जलमभर कीर्तनातून सांगतलं, देवापुढं बकरं कापू नका. अन् तुमच्या इब्री लोकांच्या पत्रात लिवलं हाय, रगत सांडल्याबिगर माफी नाही. मंग येशूच्या गोष्टीतला तो उधळा पोरगा, बापाकडून वाटा घेऊन उडवला अन् परत आला तो? दुरून दिसला तसा बाप धावत गेला, गळ्यात पडला. तिथं कोनाचा जीव घेतला बापानं? येशूची हेच गोष्ट मले खरी वाटते, बाकीचं नाही.

अचलपूरची लेक
भाऊ, "मला दया पाहिजे, यज्ञ नको" हे होशेय संदेष्ट्याचं वचन मत्तयात येशूच्या तोंडी दोनदा येतं. त्याच इब्री पत्रात पुढे लिहिलंय की हे अर्पण एकदाच, कायमचं झालं, आता दुसरं नको. याचा अर्थ लावताना ख्रिस्ती पंडितही भांडलेत. 1098 च्या सुमारास अन्सेल्मने मांडलं की माणसाने देवाचा मान बुडवला, ते ऋण माणूस फेडू शकत नाही, म्हणून देवच माणूस झाला. त्याच्या मागून आलेला अबेलार म्हणाला, वधस्तंभावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं, तीच सुटका. मला दोन्ही लागतात. आणि त्या बापाने काही गमावलं नाही, असं कसं म्हणता? इस्टेटीचा वाटा गेला, गावात मान गेला, आणि परत आलेल्याला घरात घेतलं म्हणून थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहिला.

पवनीचा उपासक
ताई, तुमची तळमळ समजते, पण मी विरोधात आहे. माझे आजोबा 1956 साली दीक्षेला नागपूरला गेले होते. आम्ही शिकलो ते धम्मपदातलं: पाप आपणच करतो, शुद्धही आपणच होतो, कोणी दुसऱ्याला शुद्ध करत नाही. माणसं मारणारा दरोडेखोर अंगुलीमाल बुद्धाचा भिक्षू होऊन अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला, तरी भिक्षेला गेला की लोकांचे दगड बसायचे. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत आला. बुद्धाने त्याचं फळ स्वतःवर घेतलं नाही, सोस म्हणाले. तुमच्याच बायबलातला यहेज्केल 18 तरी काय सांगतो? बापाचं पाप मुलगा वाहणार नाही. मग सगळ्या जगाचं एकाने का वाहावं? हा भरवसा मिळाला की धुरा परत करायची निकड उरत नाही. दादांच्या शेजाऱ्याचं तेच झालं.

अचलपूरची लेक
हा धोका येशूचा प्रेषित पौल यानेही ओळखला होता. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असं रोमकरांना विचारून त्याने साफ नाही म्हटलं. पण ज्याला फेडणंच शक्य नाही त्याचं काय? येशूशेजारी खिळलेल्या चोराकडे चोरी परत करायला हातही मोकळे नव्हते. त्यालाही दार उघडं असावं, यासाठी मी ख्रिस्ती आहे.

क्षमा म्हणजे तक्रार मागे घेणं, असंही नाही. 1999 मध्ये ओडिशात ख्रिस्ती मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जीपमध्ये जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली. खटला तरीही चालला, मुख्य आरोपीला शिक्षा झाली. दादा, तुम्ही जमिनीची सरकारी मोजणी आणा. ते क्षमेच्या आड येत नाही.

दारव्ह्याचा शेतकरी
उपासक भाऊंचं म्हणणं मला जास्त जवळचं वाटतं; एकाने सगळ्यांचं वाहावं हे अजूनही पटलेलं नाही. पण जक्कयाची गोष्ट मला माहीत नव्हती. रविवारी प्रार्थना सुटली की शेजाऱ्याला गाठतो आणि लूक 19 त्याच्याच पुस्तकातून मोठ्याने वाचायला लावतो. चौपट नको. पाच तासं सोडली तर तोडलेल्या बोरीचं मी काढणार नाही. नाहीच ऐकलं तर पेरणीआधी मोजणीचे पैसे भरतो.