रूळ जागेवर ठेवून खालची खडी कशी काढतात?

पूर्णाकाठचा: आमच्या बांधाला लागून मेन लाइन जाते. मागच्या आठवड्यात तीन दुपारी एक लांबलचक पिवळी गाडी गोगलगायीसारखी सरकत होती आणि बाजूला काळा चुरा फेकत होती. रूळ जागच्या जागी! मग खालचं उकरते कशी? आणि पाच-सहा वर्षांमागेही हेच झालं होतं, परत कशाला?

निवृत्त पीडब्ल्यूआय (रूळमार्गाचा निरीक्षक): ती बीसीएम, खडी चाळणारी मशीन. स्लीपरखाली आडवा कटर बार असतो, त्यावरून दातेरी पात्यांची साखळी फिरते. ती खडी ओढून वर चाळणीवर नेते, चांगली खडी परत रुळाखाली पडते, माती बाहेर. आपल्याकडे खडी साधारण २० ते ६५ मिमीची लागते.
पण बार आपोआप खाली जात नाही हो. दोन स्लीपर सरकवून गँगची माणसं आधी खड्डा खणतात, बार आत घालून साखळी जोडतात. ब्लॉकचा, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवून मिळालेल्या वेळेचा, पहिला तुकडा यातच जातो. एकदा साखळीत जुन्या रुळाचा पुरलेला तुकडा अडकला. तो निघेपर्यंत वेळ संपला, काम झालं तीस मीटर, आणि कंट्रोलचा फोन काही थांबेना.
मागून स्लीपरखाली खडी ठासणारी टॅम्पिंग मशीन येते. तरी पहिल्या दिवशी गाड्या वीस-चाळीसच्याच वेगाने.

गाडीवेडा: म्हणजे एकदा चाळलं की दहा वर्षं निश्चिंत?

निवृत्त पीडब्ल्यूआय: मुरमावर असाल तर बऱ्यापैकी. काळ्या मातीत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात भेगेत हात जातो, पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी. गाडी गेली की स्लीपरच्या टोकाशी चिखलाची पिचकारी उडते, मी बूट भरून घेतलेत. बीसीएम खडी धुऊनपुसून देते, खालची माती तीच! पूर्णाकाठचा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच. पुलाजवळच्या वळणावर गटार तुंबलंय का, तेवढं बघून सांगा.

गाडीवेडा: मग मातीच बदलणारं मशीन नाही का?

निवृत्त पीडब्ल्यूआय: आहे. ऑस्ट्रियाच्या प्लासर अँड थॉयररचं एएचएम ८०० आर. त्याला दोन साखळ्या: पहिली वरची खडी काढते, दुसरी खालची माती. जुनी खडी फोडून नव्या थरात वापरतात, तो थर अंथरून दाबतात, आणि रूळ वरच तरंगत राहतो. आपल्याकडे मी जिथे पाहिलं तिथे रूळ उचलून, पोकलेन लावून मुरमाचा थर घालतात. त्याला ब्लॉक मिळणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त.

पूर्णाकाठचा: गटार बघितलं. पार तुंबलंय, वर बेशरम उगवलीय.

निवृत्त पीडब्ल्यूआय: मग पुढच्या पावसाळ्यात तुमच्या बांधावर भेटू.