Re: पॉक्सचे व्हायरस फक्त जनावरातूनच माणसात येतात?

वर म्हटलंय की पॉक्सचे (देवीच्या कुळातले, अंगावर फोड आणणारे) व्हायरस जनावराकडून माणसाकडे येतात, बास. एमपॉक्सपुरतं (पूर्वीचा मंकीपॉक्स) बऱ्याच अंशी खरंय, २००३ ला अमेरिकेत घानाहून आणलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांमुळे दुकानातल्या प्रेअरी डॉगना (खारीच्या कुळातला पाळीव प्राणी) लागण झाली आणि त्यांच्यापासून ते पाळणाऱ्यांना. पण माणसाकडून जनावराकडे असा उलटा प्रवासही होतो आणि त्याबद्दल इथे कुणीच बोललेलं नाही. देवीच्या लसीत जो व्हॅक्सिनिया व्हायरस वापरायचे ना, त्याचेच भाऊबंद आज भारतात म्हशींमध्ये (बफेलोपॉक्स) आणि ब्राझीलमध्ये गाईंमध्ये सापडतात, ब्राझीलमधला कँटागॅलो व्हायरस तर १९९९ मध्ये, म्हणजे देवी संपून वीसेक वर्षं झाल्यावर वेगळा काढला, आणि तो लसीच्या काळात माणसाकडूनच गुरांत गेला असावा असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे.

आता म्हशी-गाईंच्या या रोगात होतं काय, तर जनावराच्या सडांवर फोड येतात, फुटून खपल्या धरतात, धार काढणाऱ्याच्या बोटाला बारीकशी चीर असली तरी तिथून लागण होते, आणि तोच हात पुढच्या जनावराच्या कासेला लागतो. म्हणजे गोठ्यात रोग फिरवायचं काम नकळत आपणच करतो! १९८० च्या आसपास देवीची लस बंद झाल्यामुळे तरुण धार काढणाऱ्यांना त्या लसीमुळे या रोगापासून मिळायचं ते जुनं संरक्षणही नाही. म्हणून फोड दिसले की आजारी जनावराची धार सगळ्यात शेवटी काढा, हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. आणि लम्पीला (गुरांच्या अंगावर गाठी येणारा रोग) यात मिसळू नका प्लीज, तोही पॉक्सच पण माणसाला होत नाही आणि पसरतो मुख्यतः चावणाऱ्या माश्या-डासांमुळे.