काटा माझाच खोटा निघाला, आता त्या पोराला काय बोलू?

शाहूपुरीतला गूळवाला:
तीन आठवडे धड झोप नाही. आमच्या चर्चच्या तरुण संघाचा हिशेब एक पोरगा बघतो. उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर पैसे मोजले, १,२०० रुपये कमी. मी भर सभेत, त्याच्या आईसमोर ओरडलो, "देवाच्या घरातला पैसा खातोस?" पुढच्या रविवारी त्यानं पैसे आणून ठेवले, आणि तेव्हापासून तो चर्चला यायचाच बंद झालाय.

त्याच आठवड्यात एक म्हातारी किलोभर गूळ परत घेऊन आली. "बाबा, शेजारच्या काट्यावर कमी भरतोय." मी पारडं उलटं केलं. माल ठेवायच्या बाजूला, बुडाला गुळाचा काळा थर बसलेला, दगडासारखा. सुरीनं खरवडून तोलला तर ४० ग्रॅम. दर वेळी तोलताना तेवढं गिऱ्हाइकाचं माझ्याकडं राहत होतं. आणि खरं सांगतो, तो थर मला दिवाळीपासून दिसत होता.

ज्या मापानं तुम्ही मापता त्याच मापानं तुम्हाला मापून मिळेल, हे बायबलमधलं मत्तय ७:२ मीच संडे स्कूलच्या पोरांकडनं पाठ करून घेतलंय. पण पैसे तर कमी होतेच. मग मी गप्प बसायला हवं होतं का?

निवृत्त शिक्षिका, कसबा बावडा:
दादा, गप्प बसा असं प्रभूनं तिथं म्हटलेलं नाही. त्याच अध्यायातलं पाचवं वचन शेवटपर्यंत वाचा. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढायचंच आहे, ते खुपतंय त्याला. मुसळ हा आपल्या भाषांतरातला शब्द. मूळ ग्रीक शब्द घराच्या तुळईचा आहे. सुताराच्या घरात वाढलेल्या येशूला तुळई केवढी असते ते ठाऊक होतं! आणि 'ढोंगी' म्हणून जो शब्द येतो तो मुळात नाटकातल्या नटाचा. तुम्ही बोललात तेव्हा समोर माणसं बसली होती, एवढं मनाशी धरा. तोंडदेखला नको, यथार्थ न्याय करा, हेही त्याचंच सांगणं आहे (योहान ७:२४).

मिरजेची परिचारिका:
उसाच्या पाचटाचं कुसळ डोळ्यात गेलेली माणसं मी खूप बघितलीत. हात धुवायचे, माणसाला उजेडाकडं तोंड करून बसवायचं, पापणी हळूच उलटायची. ओरडलात की तो डोळा गच्च मिटतो. मत्तय १८:१५ मध्ये आधी एकांतात जा म्हटलंय ते यासाठीच, असं मला वाटतं.

जुना खजिनदार, राजारामपुरी:
एकांत ठीक, पण पैसा मंडळीचा. "१,२०० कमी आहेत" हे सभेत सांगायलाच हवं, तो हिशेब झाला. "खातोस" हा निकाल. मधे एक प्रश्न राहून गेला: का कमी आहेत? तो विचारलात का? आणि इथून पुढं पैसे दोघांनी मोजा.

शाहूपुरीतला गूळवाला:
नव्हता विचारला. काल गेलो. आधी माझ्या काट्याचं सांगितलं. तो बराच वेळ खाली बघत बसला, मग आईच्या इंजेक्शनचं बिल काढलं. तारीख उपासनेच्या दुसऱ्या दिवसाची. पगार झाला की भरणार होता. "न सांगता घेतले ही माझी चूकच, काका. पण तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

रविवारी त्याच सभेत उभा राहून माफी मागणार आहे, काट्याचंही सांगणार आहे. बायबलमधल्या जक्कय जकातदारानं, कुणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत देतो, असं म्हटलं होतं. माझ्या उधारीच्या वहीत ३१ नावं आहेत, त्यांच्याकडं गूळ पोचवायला सुरुवात केलीय. रोखीनं नेणाऱ्यांना कसं शोधू, कुणी सुचवा.